‘प्रभूची इच्छा’ कोणी म्हणायची?

सातपुड्यातल्या धडगावकडच्या पाड्यांवर प्रार्थनेला जाणाऱ्या एखाद्या कुटुंबात मूल दगावलं किंवा बाळंतीण गेली, की सांत्वनाला आलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतं, ‘प्रभूची इच्छा होती.’ म्हणणारा कधी गावातलाच वडीलधारा विश्वासी असतो, कधी मोटारसायकलवर घाट चढून आलेला पास्टर. त्याच्या मनात वाईट काही नसतं. समोर बसलेल्या आईबापांना धीर द्यायची त्याची धडपड खरी असते. तरीही त्या अंगणात, त्या माणसाच्या तोंडी ते वाक्य खोटं असतं, असं मला ठामपणे म्हणायचं आहे. देव मानत नाही म्हणून मी हे म्हणत नाही. देव सार्वभौम आहे, आभाळाखालचं काहीही त्याच्या हाताबाहेर नाही, असं मी मानतो, आणि म्हणूनच म्हणतो.

हल्ली या वाक्याला शास्त्राची भक्कम तटबंदी घातली जाते. मोबाइलवर येणाऱ्या हिंदी-मराठी प्रवचनांतून ती दुर्गम पाड्यांपर्यंत पोचली आहे. मांडणी साधारण अशी असते: देव सर्वसमर्थ आहे. त्याच्या परवानगीशिवाय काही घडत नाही. म्हणजे जे घडलं ते त्यानेच घडवलं. आणि त्याने घडवलेल्या गोष्टीबद्दल कुरकुर करणं म्हणजे त्याच्याविरुद्ध बंड. माणसाला स्वतंत्र इच्छा आहे हा निव्वळ अहंकार. कोण तरणार, कोण नाश पावणार, कोण कधी मरणार, हे जगाच्या स्थापनेआधीच ठरलेलं आहे. यातली पहिली दोन वाक्यं कुठलाही ख्रिस्ती माणूस मान्य करील. तिसऱ्या वाक्याला पाय घसरतो. चौथ्यापर्यंत आपण ख्रिस्ती विश्वास सोडून भलत्याच विश्वासात शिरलेलो असतो, आणि तो आपल्याला जुना ओळखीचा आहे. सटवाईने कपाळी लिहिलेलं टळत नाही, हाच तो. फक्त सटवाईच्या जागी यहोवाचं नाव घातलं आहे.

ही तटबंदी घालणारे लोक स्वतःला धर्मसुधारक कॅल्विनचे वारस म्हणवतात, म्हणून त्यांच्याच घरातला पुरावा आधी पाहू. सतराव्या शतकात वेस्टमिन्स्टरला भरलेल्या धर्मसभेने जो विश्वासकबुलीनामा तयार केला, तो स्कॉटिश मिशनऱ्यांबरोबर मुंबई-पुण्यात आला. देवाने सर्व काही नेमलं आहे असं त्यात नि:संदिग्धपणे लिहिलं आहे. पण त्याच परिच्छेदात, त्याच दमात तीन गोष्टी जोडल्या आहेत: देव पापाचा कर्ता नाही, माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही, आणि जगातल्या दुय्यम कारणांचं स्वातंत्र्य काढून घेतलं जात नाही. त्याहून हजार वर्षं मागे जा. इ.स. ५२९ मध्ये ऑरेंजच्या धर्मसभेने कृपेशिवाय माणूस देवाकडे वळूच शकत नाही, असं धर्माचार्य ऑगस्टिनच्या बाजूने ठरवलं. आणि देवाच्या सामर्थ्याने काही माणसं वाइटासाठीच नेमलेली आहेत असं जो मानतो, त्याचा धिक्कारही केला. म्हणजे देवाच्या सार्वभौमत्वाची बाजू ज्यांनी सगळ्यात जोरात मांडली, त्यांनीच ही मर्यादा आखून दिली होती. पाड्यावरच्या प्रवचनात पहिला अर्धा भाग येतो, दुसरा गाळला जातो.

आता प्रत्यक्ष घटना घेऊ. १५ जानेवारी २०१९, मकरसंक्रांत. धडगाव तालुक्यातल्या भुषा गावाजवळ नर्मदेत बोट उलटली. संक्रांतीच्या पूजेला निघालेली कुटुंबं होती ती. लहान मुलं बुडाली. बोटीत झेपतील त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं बसली होती. दुसरी घटना सप्टेंबर २०२१ मधली. चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, गाडी पुढे जाईना, तेव्हा एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेतलं आणि तो चालत निघाला. दवाखाना गाठण्याआधीच ती गेली. या दोन्ही घटनांतल्या लोकांचा धर्म कोणता याच्याशी मला कर्तव्य नाही. मला विचारायचं आहे ते एवढंच, की या मृत्यूंवर ‘देवाची इच्छा’ असं लिहिलं तर त्या अक्षरांखाली काय काय झाकलं जातं? बोटीत किती माणसं बसवायची हे कोणीतरी ठरवलं होतं. दर पावसाळ्यात दरडी पडणाऱ्या घाटात काय करायचं आणि काय नाही, हेही कोणीतरी कुठल्यातरी टेबलावर ठरवलं होतं. दवाखान्यात डॉक्टर नेमायचे की जागा रिकामी ठेवायची, हाही निर्णयच असतो. माणसांनी घेतलेल्या निर्णयांवर देवाची सही करायची, याला मी श्रद्धा म्हणणार नाही. देवाच्या नावाने केलेली ती खोटी साक्ष आहे, आणि दहा आज्ञांत तिलाही मनाई आहे.

येशूसमोर हाच प्रश्न आला होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. मेलेले इतरांपेक्षा जास्त पापी होते काय, असा प्रश्न येशू स्वतःच उभा करतो आणि नाही म्हणून मोकळा होतो. देवाने त्यांना का निवडलं, याचं स्पष्टीकरण तो देत बसत नाही. तो ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि त्यांना म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा. म्हणजे पडलेल्या बुरुजाकडून तो थेट जिवंत माणसांच्या इच्छेकडे येतो. इच्छा हा भासच असेल, तर पश्चात्ताप करा हे कोणाला सांगायचं?

या सगळ्या वादात शास्त्रातला सगळ्यात वजनदार दाखला योसेफाचा आहे, आणि दोन्ही बाजू तो वापरतात. भावांनी त्याला विकलं. पुढे मिसरात तो अधिकारी झाला, दुष्काळात धान्याची कोठारं त्याच्या हाती आली, आणि तेच भाऊ अन्नासाठी त्याच्यापुढे उभे राहिले. उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात योसेफ त्यांना सांगतो, की तुमचा हेतू वाईट होता आणि देवाने त्याच गोष्टीत भल्याचा हेतू धरला होता. एकाच कृत्यात दोन हेतू, आणि दोन्ही खरे. देवाच्या हेतूने भावांचा हेतू पुसला जात नाही. भावांच्या पापाने देवाचे हात बांधले जात नाहीत. देवाचं राज्य आणि माणसाची मर्जी यांचा मेळ कसा घालायचा, या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर चर्चच्या दोन हजार वर्षांत कोणी दिलेलं नाही, असं माझं मत आहे.

पण हा दाखला देताना आपण एक गोष्ट बघतच नाही. ते वाक्य कोण बोलतो? योसेफ बोलतो. खड्ड्यात टाकलेला, विकलेला, खोट्या आरोपावरून तुरुंगात सडलेला माणूस बोलतो. आता तेच वाक्य भावांच्या तोंडी घालून पाहा. ‘अरे योसेफा, आम्ही तुला विकलं खरं, पण ती देवाचीच योजना होती.’ अंगावर काटा येतो. शब्द तेच, सिद्धांत तोच, आणि तरीही ते बोलणं निंद्य झालं. भावांच्या तोंडी शास्त्राने दुसरे शब्द घातले आहेत: आमचा अपराध क्षमा कर. देवाचं सार्वभौमत्व हे सत्य आहे, पण ते कोणीही कुठेही उच्चारायचं सत्य नाही. ज्याने सोसलं त्याने, सोसून झाल्यावर, स्वतःच्या आयुष्याबद्दल ते म्हणावं. ज्याने सोसायला लावलं, किंवा जो काठावर उभा राहून बघत होता, त्याला ते वाक्य मिळत नाही.

धडगावला हा फरक शिकवायला पुस्तकं लागत नाहीत. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, ती अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजेच धडगाव) या दोनच तालुक्यांतली. १९७९ साली लवादाने निवाडा दिला, २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीचं धरण राष्ट्राला अर्पण झालं, सप्टेंबर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. उंची ठरवणारे, पाणी अडवणारे, पुनर्वसनाच्या याद्या करणारे, या याद्यांतून नावं गाळणारे सगळे हाडामांसाचे लोक होते. तळोदा-शहादा तालुक्यांतल्या एखाद्या पुनर्वसन वसाहतीत आज राहणारी पावरा आजी म्हणाली, की डोंगर गेला, नदी गेली, पण देवाने इथेही मला टाकलं नाही, तर ती योसेफाच्या जागेवरून बोलते आहे आणि तिच्यापुढे मान लववावी. तेच शब्द व्यासपीठावरून दुसऱ्या कोणी तिला ऐकवले, तर ते भावांचं बोलणं झालं. मग बोलणाऱ्याच्या गळ्यात क्रूस असो नाहीतर खिशावर सरकारी ओळखपत्र.

ईयोबाच्या मित्रांचीही हीच गत झाली. त्यांचं देवाबद्दलचं ज्ञान तपासून पाहिलं तर फारसं चुकीचं नाही. देव न्यायी आहे, थोर आहे, त्याच्यापुढे कोण उभा राहणार, हेच ते सांगत राहतात. ईयोब मात्र देवाला जाब विचारतो, भांडतो, जन्मदिवसाला शाप देतो. शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो कोणावर? मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं त्यांना सुनावतो. प्रभूची इच्छा म्हणून गप्प बसायला सांगणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने ईयोबाचा शेवटचा अध्याय वाचल्याशिवाय दुःखाच्या घरी पाऊल ठेवू नये.

यावर मला दोन उत्तरं हमखास मिळतात: फारो आणि कुंभार. देवाने फारोचं मन कठीण केलं, मग फारोचा काय दोष? आणि मातीने कुंभाराला विचारावं काय, की मला असं का घडवलंस?

फारोचं मन देव कठीण करील असं आधी सांगितलेलं आहे, हे खरं. पण निर्गमाची कथा ओळीने वाचा. पहिल्या पाच पीडांमध्ये फारोचं मन कठीण झालं, त्याने ते कठीण केलं, असंच येतं. देवाने कठीण केलं हे शब्द प्रत्यक्ष घटना म्हणून पहिल्यांदा येतात ते सहाव्या, गळवांच्या पीडेनंतर. माणूस पाच वेळा नाही म्हणतो आणि मग त्याचं नाही म्हणणं पक्कं होतं. अत्याचारी माणसाला शेवटी त्याच्याच हट्टाच्या हवाली केलं जातं, हा देवाचा न्याय आहे; निरपराध मनात दुष्टपणा पेरण्याचा हा प्रकार नाही. शिवाय ही गोष्ट गुलामांची आहे. विटा थापणाऱ्या गुलामांना सोडवायला निघालेल्या देवाच्या सार्वभौमत्वाची ती गोष्ट आहे. तिचा उपयोग आज गरिबाला आहे तिथेच बसवायला करणं म्हणजे फारोच्या बाजूने निर्गम वाचणं होय.

कुंभाराचं तर उघड आहे. पौल रोमकरांस पत्रात कुंभार आणतो तो मनाने रचलेला नाही, तो संदेष्ट्यांच्या ग्रंथांतून आलेला आहे. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात कुंभाराच्या चाकावरचं मडकं बिघडतं आणि तो त्याच मातीचं दुसरं घडवतो. त्याचा अर्थ देवच सांगतो: एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असं मी बोललो आणि ते राष्ट्र वाइटापासून वळलं, तर मीही माझा बेत बदलीन. कुंभाराच्या हाताखालची ही माती वळू शकते. आणि पौलाचा युक्तिवादही नवव्या अध्यायात संपत नाही. दहाव्यात तो म्हणतो की जो कोणी हाक मारील तो तरेल, आणि अकराव्याच्या शेवटी सर्वांवर दया करावी हा देवाचा हेतू असल्याचं सांगून तो थेट स्तुतीत शिरतो. मधलाच एक अध्याय कापून त्यावर निवडलेल्या आणि टाकून दिलेल्या माणसांची यादी बनवणं, हा पौलावर अन्याय आहे.

आता विरुद्ध टोकाकडे वळतो, कारण तिकडचे लोकही याच चुकीच्या गणितात अडकले आहेत. विवेकवादी मित्र विचारतात: तुमच्या देवाला उद्याचं सगळं आधीच माहीत आहे ना? मग मी उद्या काय करणार हे ठरलेलंच आहे, माझं स्वातंत्र्य कुठे उरलं? प्रश्न प्रामाणिक आहे. सहाव्या शतकात बोएथियसने मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात यावर विचार केला, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने रस्त्याचा दाखला दिला. रस्त्यावरून चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत. उंचावर उभ्या असलेल्याला सगळा रस्ता एकदम दिसतो. चांदसैलीच्या माथ्यावर उभं राहिलं की खालच्या वळणावरची जीप आणि तिच्या पुढच्या वळणावरचा ट्रक दोन्ही दिसतात. जीपच्या ड्रायव्हरला ट्रक अजून दिसलेला नसतो. माथ्यावरच्या माणसाने पाहिलं म्हणून कोणाचंही स्टिअरिंग वळत नाही. देवाला काळ असा एकदम दिसतो. मी करणार आहे म्हणून त्याला ते माहीत आहे. त्याला माहीत आहे म्हणून मला ते करावं लागतं असं नाही.

हे उत्तर पुरतं मात्र नाही. देव माथ्यावरचा नुसता बघ्या नाही. डोंगर, रस्ता, ड्रायव्हर सगळं त्यानेच निर्माण केलं आहे. म्हणून ज्ञानाच्या मुद्द्यावर वाद जिंकला तरी सामर्थ्याचा मुद्दा उरतोच. स्पॅनिश जेझुइट लुइस दे मोलिना याने १५८८ मध्ये त्यावर एक अत्यंत बुद्धिमान तोड काढली: कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत स्वेच्छेने काय करील हेही देव जाणतो आणि ते जाणून जग निर्माण करतो. डोमिनिकन पंथाने त्याला कडाडून विरोध केला. रोममध्ये १५९८ पासून १६०७ पर्यंत चौकशी चालली. त्याच वर्षांत आपला थॉमस स्टीफन्स, तोही जेझुइटच, गोव्यात साष्टीच्या लोकांत राहत होता. त्याचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून आलं. रोममधल्या वादाचा शेवट काय झाला? पोप पाचव्या पॉलने निकालच दिला नाही. एकमेकांना पाखंडी म्हणू नका, एवढं बजावून त्याने दोन्ही पक्षांना घरी पाठवलं. मोलिनाची तोड मला हुशार वाटते, पण तिच्या पोटात एक गृहीत आहे जे मला पटत नाही: देव आणि माणूस जणू एकाच पटावर बसलेले आहेत आणि एकाची खेळी दुसऱ्याची जागा अडवते.

खरी चूक तिथेच आहे, आणि ती दैववादी उपदेशक, विवेकवादी टीकाकार आणि देवाला थोडं मागे सरकवून माणसाला जागा करून देणारे उदारमतवादी, तिघांनीही केली आहे. देवाचा वाटा वाढला की माणसाचा घटतो, असं तिघेही धरून चालतात. पण निर्माणकर्ता हा जगातल्या अनेक कारणांपैकी एक मोठं कारण नाही. दुसरा माणूस माझ्या मनावर ताबा मिळवतो तेव्हा माझं स्वातंत्र्य कमी होतं, कारण तो माझ्यासारखाच एक आहे. ज्याच्यामुळे मी मुळात आहे, माझी इच्छा मुळात आहे, तो जवळ आला म्हणून ती इच्छा मरत नाही, ती जागी होते. फिलिप्पैकरांस पत्रात पौल भीत-कापत आपलं तारण साधून घ्यायला सांगतो आणि लगेच त्याचं कारण देतो, की इच्छा करणं आणि कृती करणं ही दोन्ही तुमच्या ठायी देवच घडवतो. त्याला या दोन गोष्टींत कुठेही सांधा जोडायची गरज वाटत नाही.

सातपुड्यातल्या एखाद्या लहानशा मंडळीत रविवारी साक्षी ऐका. मोहाची दारू पिऊन घर धुळीला मिळवलेला माणूस उभा राहतो. बायको खाली बायकांच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसलेली असते, बोलणं चालू असताना ती त्याच्याकडे बघत नाही. तो सांगतो, प्रभूने माझी दारू सोडवली. आणि पुढच्याच वाक्यात सांगतो, मी भट्टीची हंडी फोडली, होळीला सगळे पीत होते तरी हात लावला नाही, मामाच्या पोराच्या लग्नात लोक हसले तरी बसून राहिलो. दोन्ही वाक्यं तो सारख्याच खात्रीने बोलतो. त्याला अर्धं श्रेय देवाला आणि अर्धं स्वतःला द्यायचं नसतं. सगळं प्रभूने केलं आणि सगळं त्याला स्वतःला करावं लागलं. ऑगस्टिनने आपल्या कबुलीजबाबात देवाकडे नेमकं हेच मागितलं होतं, की तू जी आज्ञा करतोस ती पाळायचं बळही तूच दे. आणि ते ऐकून त्याचा समकालीन पेलागियस भडकला होता, कारण त्याला वाटलं यात माणूस आळशी होईल. हंडी फोडणाऱ्या त्या माणसाला आळशी म्हणायची माझी तयारी नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला यासाठी ऑगस्टिनपर्यंतही जायला नको. पंडिता रमाबाईंचं आयुष्य समोर आहे. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. लगेच त्यांच्यावर वडीलकी सुरू झाली. कोणाला शिकवायचं, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं की नाही, कोणते सिद्धांत कसे मानायचे, यावर तिथल्या सिस्टर जेरल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. बिशपांची मतं मागवली गेली. नवख्या, परदेशी, विधवा, पदरी लहान मुलगी असलेल्या या बाईने नमून राहावं, हीच देवाची इच्छा, असा सगळा सूर होता. रमाबाई नमल्या नाहीत. मोठ्या मुश्किलीने मिळालेलं स्वातंत्र्य त्या कोणाच्या हाती द्यायला तयार नव्हत्या. देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याकडे गहाण ठेवणं त्यांना देवाचाच अवमान वाटत होता. देव आणि त्यांच्यामध्ये उभा राहून देवाची इच्छा मी सांगतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी नम्रपणे आणि ठामपणे बाजूला केलं.

आणि याच रमाबाई पुढे संपूर्ण शरणागतीच्या बाई झाल्या. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी, आपल्या कर्तबगारीने काही होत नाही, तारण ही निव्वळ देणगी आहे, हे आपल्याला उमगलं, अशी साक्ष त्यांनी स्वतः लिहिली. केडगावचं मुक्ती मिशन रमाबाई प्रार्थनेच्या बळावर चालवत होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली रस्त्यावर मरत होत्या, त्यांना वाईट माणसं पळवून नेत होती. देव सार्वभौम आहे असं रमाबाईंपेक्षा कोण जास्त मानत होतं? पण दुष्काळ ही प्रभूची इच्छा आहे म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत. स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेत छप्पन्याचा दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्याही मुली केडगावला आणल्या गेल्या. देवाच्या राज्यावरचा विश्वास माणसाला निष्क्रिय करतो हा आक्षेप आणि निष्क्रिय राहणं हाच विश्वास हा उपदेश, दोन्ही या एका बाईच्या आयुष्यापुढे टिकत नाहीत.

मंडळींनी हा विचार पुढे नेला नाही, याचं मला दुःख आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा कॅल्विनच्या परंपरेतले प्रेस्बिटेरियन आणि वेस्लीच्या परंपरेतले ब्रिटिश मेथडिस्ट एका टेबलाशी आले. वेस्लीने पूर्वनियोजनाच्या सिद्धांतावर आयुष्यभर टीका केली होती. युरोपात ज्यावरून चर्चची शकलं झाली, ते दोन प्रवाह इथे एका मंडळीत मिळाले, ही केवढी मोठी गोष्ट! पण एकत्र येताना त्या प्रश्नावर मराठीत खोल बोलणं झालं नाही. खानदेशातल्या मंडळ्या तर बऱ्याचशा स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनसारख्या, माणसाने आज, आता निर्णय घ्यावा अशी हाक देणाऱ्या मिशनांच्या कामातून उभ्या राहिल्या. त्या हाकेतूनच जन्मलेल्या मंडळीत आता निर्णय हा भास असल्याचं शिकवलं जात आहे.

या मुद्द्याला एक मंडळीबाहेरची बाजूही आहे. आदिवासी माणूस प्रार्थनेला जाऊ लागला की बाहेरचे म्हणतात, त्याला फसवलं, त्याला कसलं कळतंय. आणि आतले म्हणतात, त्याने काही निवडलं नाही, देवाने त्याला निवडलं. दोन्ही बाजूंना त्या माणसाची इच्छा मोजायची नाही. दर वर्षी पावसाळा सरला की ऊसतोडीला गुजरातेत जायचं की डोंगरातच राहायचं, आमचूर या व्यापाऱ्याला घालायचा की भाव चढेपर्यंत थांबायचं, आजारी पोराला आधी बडव्याकडे, म्हणजे भगताकडे न्यायचं की धडगावच्या दवाखान्यात, हे ज्याला सतत ठरवावं लागतं, त्याला देवाबद्दल ठरवता येत नाही असं म्हणणं हा त्याचा अपमान आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी नवऱ्यामागे लगेच पाऊल टाकलं नाही. त्या दुरावल्या, रागावल्या, परत आल्या, बघत राहिल्या, आणि पाचेक वर्षांनी स्वतःच्या मनाने आल्या. देवाला तेवढी वाट बघायला परवडलं. ज्याला परवडत नाही, जो तांदूळ दाखवून किंवा नरकाची भीती घालून माणसाकडून हो वदवून घेतो, तो देवाच्या रीतीविरुद्ध वागतो, आणि त्याला देवाच्या सार्वभौमत्वावर मुळात विश्वासच नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो मंडळीतूनच येतो. मग दुःखात आम्ही म्हणायचं तरी काय? गेथशेमाने बागेत येशूने स्वतःच म्हटलं ना, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो? म्हटलं. पण त्याआधी त्याने हा प्याला टळो अशी विनवणी केली, तीही पुन्हा पुन्हा. आणि तो प्याला त्याचा स्वतःचा होता. त्याच्याकडे आलेल्या कुष्ठरोग्याला, आंधळ्याला, रक्तस्रावाने खंगलेल्या बाईला, मुलीसाठी पाया पडणाऱ्या याईराला, ही पित्याची इच्छा आहे, सोसा, असं त्याने शुभवर्तमानात एकदाही म्हटलेलं नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचं याची चौकशी सुरू केली तेव्हा त्याने ती बंद पाडली आणि चिखल मळायला घेतला.

सातपुड्यात सिकल सेल आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. यात त्या मुलाचं पाप नाही, आईचं नाही, आणि देवाने बोट ठेवून ते मूल वेचलेलंही नाही. रक्ताची तपासणी होते, लग्नाआधी ती करून घेता येते. पास्टरला मंडळीत लग्न लावताना दोन्ही घरांना तपासणी करून घ्या म्हणायला दोन मिनिटं लागतात. तो देवाच्या योजनेत ढवळाढवळ करत नसतो. याकोबाच्या पत्रात भुकेल्याला खाऊ न घालता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याविषयी जे लिहिलं आहे, ते त्याने वाचलेलं असतं. पुढच्या पावसाळ्याआधी चांदसैली घाटातल्या दरडींसाठी आणि दवाखान्यातल्या रिकाम्या जागांसाठी तहसील कचेरीत अर्ज जाईल, तेव्हा त्यावर आदिवासी आणि ख्रिस्ती, प्रार्थनेला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे असावेत, आणि आजवर अंगणात बसून प्रभूची इच्छा म्हणत आलेल्या उपदेशकाने आपली सही सगळ्यांच्या आधी करावी.